चर्चच्या हॉलमध्ये कॉफीहाऊस सुरू करताय? मग लोकल गायकांकडून गर्दीची अपेक्षा सोडा

प्रश्न थोडक्यात असा आहे की न्यू हॅम्पशायरमधल्या एका छोट्या गावात चर्चचा हॉल महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी मिळतोय, आसपास गिटारवर स्वतःची गाणी म्हणणारे पाच-सहा जण आहेत, त्यातला एक मराठी मित्र, आणि या सगळ्यांना घेऊन कॉफीहाऊस सिरीज, म्हणजे कॉफी पीत शांतपणे गाणी ऐकायची दर महिन्याची मैफल, सुरू करायचीय. तर कलाकार कसे ठरवायचे, पैसे काय द्यायचे, साउंडला काय घ्यायचं आणि गाण्यांच्या कॉपीराइट लायसन्सची भानगड काय असते. मी मॅसॅच्युसेट्समध्ये अशाच एका चर्चमधल्या सिरीजचं बुकिंग बघते आणि साउंडही करते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ते "लोकल आर्टिस्ट बोलावले की त्यांचे मित्र-नातेवाईक येतील आणि हॉल भरेल" हे जे तुम्ही लिहिलंयत ना, ते डोक्यातून काढून टाका. पहिल्या वेळी येतात, खरंय. भाऊ येतो, ऑफिसमधले चारजण येतात, शेजारीण येते, आणि आपल्या माणसाचं झालं की ब्रेकमध्ये कोट घालून निघून जातात. दुसऱ्या वेळी त्यातले अर्धे येतात, तिसऱ्या वेळी फक्त बायको. यात कलाकाराची काही चूक नाही, तोच माणूस तीच बारा गाणी दहा मैलांच्या परिसरात सहा महिन्यांत चारदा म्हणत असेल तर कुणी का पैसे देऊन यावं. गर्दी कलाकाराची नसते, सिरीजची असते. म्हणजे गावातल्या तीस-चाळीस लोकांना असं वाटलं पाहिजे की महिन्याचा दुसरा शनिवार म्हणजे आपला तिथला, कोण गातंय ते नंतर बघू. हे एकदा जमलं की तुम्ही कुणालाही उभं करू शकता, अगदी पहिल्यांदा स्टेजवर येणाऱ्यालाही, आणि तोवर कुणालाच उभं करून उपयोग नाही. पुढे जे काही लिहितेय ते सगळं याच हिशोबाने.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडा इतिहास, म्हणजे चर्च आणि गिटार हे काय कॉम्बिनेशन आहे ते कळेल. बोस्टनजवळच्या केंब्रिजमध्ये १९५८ साली क्लब ४७ सुरू झाला, खरं तर जॅझसाठी, पण थोड्याच दिवसांत तिथे फोकवाले, म्हणजे गिटारवर लोकगीतं आणि स्वतःची गाणी म्हणणारे, घुसले, गायिका जोन बाएझ तिथेच गात गात मोठी झाली. १९६८ मध्ये तो बंद पडला आणि पुढे त्याच जागेत पासिम नावाचं ठिकाण आलं, ते आजही आहे, नॉन-प्रॉफिट म्हणून चालतं, हार्वर्ड स्क्वेअरच्या तळघरात. न्यूयॉर्क राज्यात सॅराटोगा स्प्रिंग्सला कॅफे लेना १९६० पासून चालू आहे, अमेरिकेतलं सतत चालू असलेलं सगळ्यात जुनं फोक कॉफीहाऊस म्हणून त्याची ओळख आहे, बॉब डिलन १९६१ साली तिथे गाऊन गेलाय. या झाल्या स्वतःच्या जागा. पण साठच्या दशकाच्या शेवटी बऱ्याच चर्चनी, त्यातही युनिटेरियन या उदारमतवादी पंथवाल्यांनी जास्त, आपले हॉल यासाठी उघडले, तरुण पोरं कुठेतरी जमावीत, दारू नसावी, एवढाच हेतू. मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेडचं 'मी अँड दी' कॉफीहाऊस हे १९७० पासूनचं, चर्चमधलंच. तुम्ही जे करायला निघालायत ते याच दुसऱ्या घराण्यातलं: भाडं कमी, दारू नाही, सगळे व्हॉलंटियर, कॉफी आणि घरी बेक केलेला केक, आणि मुख्य म्हणजे लोक गप्प बसून ऐकतात. बारमध्ये गाणाऱ्या माणसाला विचारा या शेवटच्या गोष्टीची किंमत काय असते.

आता कलाकार. पाच-सहा जण आहेत म्हणताय, म्हणजे एकेकाला एक महिना असं वाटून टाकायचा मोह होईल. नका करू, सहा महिन्यांत माल संपेल आणि सातव्या महिन्यात पुन्हा पहिल्याला बोलवायची वेळ येईल. मी एका माणसाला मेन, म्हणजे त्या रात्रीचा मुख्य कलाकार, म्हणून वर्ष-दीड वर्षातून एकदाच घेते, मधे त्याला ओपनर, म्हणजे मेनच्या आधी थोडा वेळ गाणारा, म्हणून किंवा कुणाच्या तरी साथीला बोलावते. सगळ्यात बरी चालते ती ही जोडी: बाहेरगावचा, दोन-तीन अल्बम काढलेला, वर्षभर गाडीतून फिरणारा एखादा मेन, आणि त्याच्याआधी पंचवीस मिनिटं तुमचा लोकल. फिरणाऱ्या कलाकाराला लोकल माणसाची ओळखीची चार माणसं मिळतात, लोकलला शिकायला मिळतं. आणि दर तीन-चार महिन्यांनी एकदा फक्त लोकल लोकांची राउंड ठेवा. तिघं-चौघं खुर्च्यांवर ओळीने बसतात, एकाने एक गाणं म्हणायचं, मग पुढच्याने, नॅशव्हिलच्या ब्लूबर्ड कॅफेने हा प्रकार फार गाजवला. यात कुणाकडे चारच चांगली गाणी असली तरी भागतं, कारण वाट्याला पाच-सहाच येतात. शिवाय एकजण गात असताना बाजूचा हळूच हार्मनी द्यायला लागतो, ती मजा तालीम करून येत नाही.

ओपन माइक, म्हणजे कुणीही नाव देऊन एक-दोन गाणी म्हणायची वेळ, वेगळ्या दिवशी ठेवायचा की त्याच दिवशी, यावर लोक भांडतात. माझं मत, पहिलं वर्ष त्याच दिवशी ठेवा, मेनच्या आधी पाऊण तास, पाच जणांना प्रत्येकी दोन गाणी किंवा दहा मिनिटं, जे आधी संपेल ते. "आधी संपेल ते" हे बोर्डावर लिहा, कारण एक काका हमखास असतात ज्यांच्या गाण्याला सव्वीस कडवी आणि त्याआधी आठ मिनिटांची प्रस्तावना. यादीत नाव दारात आल्या क्रमाने, ओळखीने नाही. आणि तुम्ही स्वतः मागे बसून ऐका, बुकिंगचं निम्मं काम इथेच होतं. मी आवाज सगळ्यात शेवटी बघते. दोन गाण्यांच्या मधे माणूस काय करतो ते आधी बघते, कारण फोकमध्ये गाण्याइतकंच मधलं बोलणं असतं, गाणं कुठून आलं ते चार वाक्यांत सांगता येणं ही वेगळी कला आहे. आणि आपलं झाल्यावर तो बाकीच्यांचं ऐकायला थांबतो की गिटार पेटीत टाकून निघतो हेही बघते. निघणाऱ्यांना मी बोलावत नाही. कठोर वाटेल, पण ऐकणारे हवेत ना आपल्याला, मग सुरुवात स्टेजवरच्यांपासूनच.

साउंड. इथे लोक नको तितका खर्च करतात आणि चुकीच्या जागी. साठ-सत्तर माणसांच्या हॉलला दोन पॉवर्ड (आत अँप्लिफायर असलेले) स्पीकर स्टँडवर, आठ ते बारा चॅनेलचा छोटा मिक्सर, तीन-चार शूअर एसएम५८ माइक, गिटार मिक्सरला जोडायला दोन डीआय बॉक्स, एक मॉनिटर (गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणारा स्पीकर), आणि बूमवाले, म्हणजे आडव्या दांडीचे, माइक स्टँड. सरळ स्टँड घेऊ नका, गिटार मधे येते आणि माणूस वाकून गातो. स्पीकर बसलेल्यांच्या डोक्याच्या वर आणि माइकच्या पुढे, माइक कधीही स्पीकरच्या समोर नाही, शिट्टी तिथूनच सुरू होते. मॉनिटर गायकाच्या समोर, माइकच्या बरोबर शेपटीकडे तोंड करून ठेवा, एसएम५८ला मागचं सगळ्यात कमी ऐकू येतं.

गिटारचा आवाज उचलणारा जो पिकअप असतो तो बहुतेकदा ब्रिजखालचा, कंपनं टिपणारा पिएझो, त्याचा आवाज थेट घेतला तर प्लॅस्टिकची पट्टी वाजवल्यासारखा येतो. मधल्या वरच्या पट्ट्यात थोडं कमी करा, सुधारतो. आणि एका ठरावीक सुरावर गिटार घुमायला लागते, लाकडी पेटी स्वतःच गुणगुणते, ते साधारण १०० ते २०० हर्ट्झमध्ये कुठेतरी असतं. तिथे व्हॉल्यूम कमी करून भागत नाही, तेवढाच भाग खाली ओढायचा, किंवा गिटारच्या भोकात रबरी झाकण बसवायचं, चांगल्या डीआयवर फेजचं बटण असतं तेही उलटं करून बघायचं, कधीकधी तेवढ्यानेच गप्प होते. गाण्याच्या चॅनेलवर लो-कट (अगदी खालचे आवाज कापणारं बटण) चालू ठेवा, पाय आपटल्याचा धपधप आवाज जातो. केबल काढण्याआधी चॅनेल म्यूट, हे व्हॉलंटियरकडून घोकून घ्या. आणि खिशात ९ व्होल्टच्या दोन नव्या बॅटऱ्या, कारण पिकअपची बॅटरी दुसऱ्या गाण्यात मरते, नेहमी दुसऱ्याच, का ते देव जाणे.

आता एक गोष्ट जी कुठल्याही साउंडच्या पुस्तकात नसते: कॉफीची टाकी. ती शंभर कपांची स्टीलची असते ना, ती १५०० वॅटच्या आसपास खाते. जुन्या चर्चमधलं सर्किट १५ अँपिअरचं, म्हणजे ११० ते १२० व्होल्टला फार तर १८०० वॅट. टाकी आणि साउंड एकाच सर्किटवर असले की पहिल्या गाण्याच्या मध्यावर अंधार. दुपारी जाऊन ब्रेकर पाडून बघा कुठला प्लग कशावर आहे आणि टेप लावून लिहून ठेवा. दिवे मंद करायचा डिमर असेल तर साउंड त्याच्याही सर्किटवर नको, स्पीकरमधून भुणभुण येते. शिवाय टाकी उकळताना गुळगुळ आवाज करते, शांत गाण्यात तो चाळीस माणसांना ऐकू येतो, म्हणून कॉफी शो सुरू व्हायच्या आधी तयार पाहिजे आणि किचनचं दार बंद. थंडीत रेडिएटर टणटण करतात, त्याला इलाज नाही, गायक त्यावर विनोद करतात आणि पुढे जातात. पण गिटार गाडीत गोठलेली असेल तर पेटी बंदच ठेवून हॉलमध्ये अर्धा-एक तास राहू द्यायला सांगा, लगेच उघडली की ट्यूनिंग ढासळतंच, वर वॉर्निशला तडे जातात.

पैसे. फुकट गायला लावू नका. "एक्स्पोजर मिळेल" हे वाक्य उच्चारू नका. ओपन माइकवाल्यांना नाही द्यायचे, ते तसंच असतं, पण ज्याचं नाव पोस्टरवर आहे त्याला द्यायचे, मग पन्नास डॉलर का असेनात. साधा हिशोब धरा, दारात १५ डॉलर, चाळीस लोक आले, ६०० झाले. हॉल, कॉफी, लायसन्सचा वाटा मिळून १०० बाजूला. उरलेल्या ५०० चे ८० टक्के म्हणजे ४००, त्यातले ३०० मेनला, १०० ओपनरला, आणि १०० सिरीजच्या डब्यात, पुढच्या बर्फाच्या महिन्यासाठी. बाहेरून येणाऱ्याला बहुतेक गॅरंटी लागते, म्हणजे किमान अमुक, किंवा टक्केवारी, जे जास्त असेल ते. तुमच्या डब्यात नसलेली गॅरंटी कबूल करू नका, सुरुवातीला स्पष्ट सांगा की खर्च जाऊन दारात उरलेल्या पैशांचे ८० टक्के, ओपनरचा वाटा त्यातूनच, सोबत जेवण आणि झोपायला कुणाच्या तरी घरी खोली. फिरणारे लोक खोलीला फार मानतात, मोटेलचे पैसे वाचतात. सीडी-टीशर्टच्या विक्रीतून कमिशन घेऊ नका, चाळीस लोकांच्या हॉलमध्ये कमिशन मागणं म्हणजे कंजूषपणा. पैसे त्याच रात्री, चेकने, कलाकाराने मागायच्या आधी. डब्ल्यू-९ हा करासाठीचा फॉर्म कलाकाराकडून भरून घ्या. एकाच माणसाला वर्षात मोठी रक्कम गेली तर १०९९ हा कमाईचा कर-फॉर्म द्यावा लागतो, मर्यादा पूर्वी ६०० डॉलर होती, २०२६ पासूनच्या पैशांना २००० झालीये, त्यामुळे तुमचा बहुधा संबंधच येणार नाही, पण रेकॉर्ड ठेवा.

लायसन्सबद्दल "गायक स्वतःचीच गाणी म्हणतात मग लायसन्स कशाला" असं सगळेच विचारतात. गाणं स्वतःचं असलं तरी गायक अॅस्कॅप किंवा बीएमआय असल्या, गाणी रचणाऱ्यांच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या संस्थेचा मेंबर असेल तर जाहीर गाण्याचे पैसे ती संस्था जागेकडून वसूल करते, आणि गायकाने स्वतः तुम्हाला वेगळी परवानगी दिली तर गोष्ट निराळी. दुसरं म्हणजे अख्खी रात्र फक्त स्वतःची गाणी कुणी म्हणत नाही, शेवटी कुणाचं तरी जुनं एक येतंच, आणि ओपन माइकवर तर निम्मी दुसऱ्यांचीच. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात एक सूट आहे, कलम ११०(४), पण ती लागू व्हायला गाणाऱ्याला आणि आयोजकाला एक पैसाही मानधन नको. म्हणजे आपण वर जे ३००-१०० वाटले तिथेच सूट संपली. चर्चला उपासनेसाठी जी मुभा आहे ती उपासनेपुरती, शनिवारच्या तिकीट लावलेल्या शोला नाही. चर्चकडे आधीच काही लायसन्स असेल तर त्यात कॉन्सर्ट धरलीय का ते वाचून बघा, नुसतं "आहे आमच्याकडे" वर विश्वास ठेवू नका. लहान जागांची वर्षाची फी त्या मानाने कमी असते, खुर्च्या किती, तिकीट आहे का, महिन्यातून किती शो, यावर ठरते. अॅस्कॅप, बीएमआय, आणि तशीच तिसरी संस्था सेसॅक, तिघांना आधी स्वतःहून ईमेल करा, त्यांचा माणूस शोधत येण्यापेक्षा ते बरं. याची चांगली बाजू पण आहे, मेंबर असलेला गायक त्या रात्रीच्या गाण्यांची यादी ऑनलाइन भरू शकतो आणि त्याला थोडे का होईना पैसे परत येतात. लोकल लोकांना हे माहीतच नसतं, सांगा त्यांना.

तुमच्या मित्राबद्दल. आधी कटकटीचं: तो एच-१बी वर असेल तर कंपनी सोडून दुसऱ्या कुणाकडून कामाचे पैसे घेऊ शकत नाही, आणि ३०० डॉलरचा चेक हे कामाचे पैसेच. ओपन माइकला येऊन दोन गाणी हौसेने म्हणणं वेगळं, पोस्टरवर नाव आणि मानधन वेगळं, टोपीत जमलेले पैसेसुद्धा मी घेऊ देणार नाही. एच-४ वर असेल आणि ईएडी, म्हणजे कामाची परवानगी, नसेल तरी तेच. "चर्चचंच तर आहे, कोण बघतंय" म्हणणारे भेटतील, ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या माणसाने त्यांचं ऐकू नये, वकिलाला एक ईमेल टाकावी. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्नच नाही.

गाण्याचं म्हणाल तर मराठीत म्हणू द्या, इंग्लिश भाषांतर करून म्हणायला लावू नका. मी दोन-तीन मराठी गाणाऱ्यांना इथे उभं राहिलेलं बघितलंय, जे चालले त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती, आधी दोन वाक्यं: हे माझ्या आजीच्या विहिरीबद्दल आहे, विहीर आता बुजवलीय. संपलं. पूर्ण अर्थ सांगत बसलं की लोक गाणं न ऐकता अर्थ आठवत बसतात. दुसरं, ध्रुवपद छोटं आणि लोकांना म्हणता येईल असं पाहिजे, फोकच्या गर्दीला सोबत गायला भयंकर आवडतं, आधी एकदा हळू म्हणून दाखवा, तिसऱ्या कडव्याला सगळा हॉल "पाऊस आला गं" म्हणतोय, उच्चार कसेही असोत. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाची सवय असेल तर एक सांगून ठेवा, इथे कराओके ट्रॅक अजिबात चालत नाही, आणि लोक गाण्याच्या मधे वाहवा देत नाहीत, त्यांना आवडलं नाही असं समजून घाबरू नये, ते संपल्यावर टाळ्या वाजवतात. हार्मोनियम आणणार असेल तर तिला एकच माइक, फूटभर लांब, आणि आवाज नेहमीपेक्षा कमी, छोट्या हॉलमध्ये ती गाण्यावर चढते. स्वतः रचून स्वतः गाणारी माणसं आपल्याकडे काय कमी होती का, शाहीर तेच करायचे, जात्यावर बसून ओव्या जोडणाऱ्या बायका तेच करायच्या, त्यामुळे तो इथे पाहुणा वगैरे नाही, त्याला ओपनरच्या रांगेतच धरा.

बाकी किरकोळ. ब्रेक वीस मिनिटांचा ठेवा, कमी नको, केक तिथेच विकला जातो आणि लोक एकमेकांशी तिथेच बोलतात, सिरीजची ती चाळीस माणसं ब्रेकमध्येच तयार होतात. खुर्च्या लागतील त्यापेक्षा कमी मांडा आणि लोक आले की वाढवा, सत्तर खुर्च्यांत तीस माणसं भकास दिसतात. दारात ईमेलची वही ठेवा, फेसबुकवर विसंबू नका. बोस्टनच्या बाजूचे लोक पण यावेत असं वाटत असेल तर डब्ल्यूयूएमबी ९१.९ ला, यूमास बोस्टनचं फोक स्टेशन आहे ते, महिनाभर आधी माहिती पाठवा.

आणि सप्टेंबरमध्ये सुरू करा, मेपर्यंत चालवा, उन्हाळ्यात बंद, तेव्हा सगळे तळ्यावर नाहीतर फेस्टिव्हलला असतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या शोला पहिल्या ईमेलमध्येच बर्फाची पर्यायी तारीख कलाकाराकडून लिहून घ्या आणि हॉलची पण ती तारीख चर्चकडून अडवून ठेवा. रद्द करायचं की नाही ते दुपारी बारापर्यंत ठरवायचं, त्यानंतर नाही, कारण लांबून येणारा माणूस एक वाजता गाडी काढतो.